नवाबाच्या घरची वाटी

"राजूरला येणाऱ्या माणसानं आधी माझ्या वाटीचं दर्शन घेतलं पाहिजे, मंग गणपतीचं! असं उष्टावण करतो का न्हाई बघा भाच्याचं!"

रायभाननं ही गर्जना केली ती पिंपळगाव रेणुकाईच्या पारावर, चांगली दहा-पंधरा माणसं बसलेली असताना. घरात बोललेलं माणूस विसरलो म्हणू शकतो. पारावर बोललेलं गाव विसरू देत नाही. पण रायभानला इतका पुढचा विचार करायची सवय नव्हती. आधी बोलायचं आणि मग बोलल्याच्या मागे धापा टाकत धावायचं, असा त्याचा जन्मापासूनचा शिरस्ता.

रामकिसननं चिलीम खाली ठेवली. "वाटीचं दर्शन?"

"वाटीचं!"

"आरं, खीर चाटवायची वाटी ती. तिच्यात बघण्यासारखं काय ऱ्हातंय?"

"तुला न्हाई कळायचं ते."

"बरं बाबा. कुंची आम्हाला कळलीच व्हती, आता वाटी बी कळंल."

पार खदाखदा हसला आणि रायभानचं तोंड कडू झालं. ही कुंचीची भानगड काय, ते सांगायलाच हवं.

रायभानला एकच बहीण, इंद्रायणी. ती राजूरला धुळाजीच्या घरात दिलेली. दोन्ही घरं मूळची मेंढरांमागं रानोमाळ फिरणारी. आता कुठं वडिलांच्या काळात जमिनी झाल्या आणि पाय एका जागी थांबले. इंद्रायणीला पहिला मुलगा झाला तेव्हा बारशाला मामाची कुंची हवी म्हणून रायभाननं शिंप्याला बजावलं, "पोरगं वाढणार हाय. जरा मोठी बेत." शिंप्यानं बेतली. भर बारशात सासूबाईंनी, म्हणजे कडूबाईंनी, ती बाळाला घातली तर बाळ दिसेचना! दोन बायकांनी कुंचीत हात घालून शोध घेतला तेव्हा कुठं पाय लागले. मग कडूबाईंनी ती उचलली आणि सगळ्या बायकांदेखत शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या, म्हणजे धुळाजीच्या, डोक्यावर घातली. बराबर बसली!

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण धुळाजी हा अत्यंत साधा माणूस. त्याला ती कुंची उबदार वाटली. त्या हिवाळ्यात तो पहाटे ती लाल कुंची घालून मेंढरं सोडायला निघायचा आणि कुणी विचारलं, की कौतुकानं सांगायचा, "सुनंच्या भावानं आणली. लई गुणाचा माणूस!"

कडूबाई मात्र हे गुणाचं म्हणून सांगत नव्हत्या. पाणी सांडलं तरी "माहेरची अक्कल", भाकरी करपली तरी "कुंचीवाल्याची बहीण". इंद्रायणी बिचारी खाली मान घालून घागर उचलायची. भावाविषयी बोललेलं बाईला स्वतःविषयी बोलल्याहून जास्त लागतं, आणि हे ऐकून ऐकून ती खरोखर रडकुंडीला आली होती.

आता बाळाला दुधावर भागेना. पुढं ताट दिसलं की ते दोन्ही हातांनी झेप घ्यायचं. पण पहिला घास मामाचा, आणि घासाचं भांडंही मामाचंच. मामानं उष्टावल्याशिवाय आजीनंसुद्धा नातवाच्या तोंडात शीत घालायचं नाही, अशी रीत. तेव्हा इंद्रायणीनं बांगड्या भरणाऱ्या द्वारकाबाईच्या तोंडी भावाला निरोप धाडला.

द्वारकाबाईनं ओसरीवर बसून तो शब्दाला शब्द सांगितला. "इंद्रायणी म्हणली, दादाला म्हणावं, एक वाटी न एक चमचा. बस. येवढं धड आलं तर मी त्या घरात मान वर करून चालंन. आन म्हणली, पाया पडते पण डोकं चालवू नको."

रायभानची बायको गोजरबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. तिनं मान हलवली. रायभाननंही हलवली. फक्त गोजरबाईनं ऐकलं 'एक वाटी न एक चमचा', आणि रायभाननं ऐकलं 'मान वर'.

झालं! आधी पारावर ती गर्जना झाली, आणि मग रामकिसनची कापसाची गाडी जालन्याला निघाली होती, तिच्यावर हा चढला.

जालन्याच्या बाजारात माणसानं एक वस्तू घ्यायची ठरवली, की ती सोडून बाकी सगळ्या वस्तू त्याला हाका मारतात. रायभाननं भांड्यांच्या पहिल्याच दुकानात सांगितलं, "बाळाला खाऊ घालायला लागतं ते द्या."

"बोंडलं न्या की!" दुकानदार म्हणाला. "चोचीतून दूध बराबर तोंडात जातंय."

घेतलं बोंडलं. पुढचा म्हणाला, बोंडलं नेता आणि गुटी उगाळायला सहाण नेत नाही? पोट धरलं म्हणजे? घेतली सहाण. तिसऱ्यानं लाळेरी गळ्यात घातली, म्हणजे रायभानच्या. चौथ्यानं विचारलं, खाऊन अंगात ताकद आल्यावर पोरगं चालायला नको लागायला? आणि लाकडी पांगुळगाडा पुढं ढकलला. तोही घेतला! हातात सहाण, काखेत पांगुळगाडा, गळ्यात लाळेरी अशा अवतारात रायभान बाजारातून चालला तेव्हा लोक वळून बघायला लागले. त्याला वाटलं, मामा असावा तर असा, असंच ते म्हणत असणार.

वाटी मात्र एकही पसंत पडेना. सगळ्या वाट्या वाटीसारख्याच दिसत होत्या! पारावरच्या माणसांना दर्शन घ्यायला लावायचं, ते काय असल्या वाटीचं?

"आरं, घे एखादी न चल," रामकिसन वैतागला. "बैलं तटली तिकडं."

तेवढ्यात जुन्यापुराण्या सामानाच्या एका दुकानाच्या फळीवर रायभानची नजर गेली आणि तिथंच खिळली.

काय ते भांडं! पितळेचं, आतून पांढरीशुभ्र कल्हई, बाहेरून वेलबुट्टी. पोट गोल गरगरीत, गळा नाजूक, आणि वर तोंड असं पसरट उमललेलं, जसं धोतऱ्याचं फूल. सकाळचं ऊन त्याच्यावर पडलं होतं. रायभाननं पांगुळगाडा खाली ठेवला.

दुकानात एक म्हातारे चाचा सुपारी कातरत बसले होते. हे भांडं कशाचं, असं सरळ विचारलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण विचारलं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे उघडं पडणार, आणि रायभानला सगळं ठाऊक असायचं! त्यानं भांडं हातात घेऊन जाणकारासारखी टिचकी मारली.

"अच्छा है," तो म्हणाला.

"अच्छा?" चाचांनी अडकित्ता थांबवला. "मियाँ, नवाबी चीज है! एक बड़े रईस के घर से आई. बड़े लोगां खाने के बाद इसके बगैर उठतेच नहीं."

रायभाननं रामकिसनकडं विजयी नजर टाकली. जेवणाच्या शेवटी काय असतं? गोड! गोडात काय? खीर!

"किसके वास्ते लेना है?" चाचांनी विचारलं.

"है एक हमारे घर का," रायभान ऐटीत म्हणाला. "उसके मुँ में दाँत न्हाई. जो खाया सो बाहर गिरता."

चाचांच्या डोळ्यांपुढं कुणी बोळकं तोंड झालेला आजोबा उभा राहिला असावा. त्यांनी हळहळून मान हलवली. "अरे रे! फिर तो ये होनाच. इसके बगैर उनका एक दिन नहीं निकलता."

"बिलकुल!" रायभान म्हणाला.

त्यानं घासाघीससुद्धा केली नाही. घासाघीस करायची तर वस्तूचं नाव घ्यावं लागतं!

आता कुणी म्हणेल, एवढा कसा हा भोळा? तर रायभानच्या बाजूनंही थोडं बोललं पाहिजे. ज्याच्या सात पिढ्या उघड्या माळावर गेल्या, त्याला थुंकायचं तर मान फिरवली की झालं. साऱ्या परगण्याचं रान त्याच्या बापाचं! कुणी माणूस घरात गालिच्यावर बसतो, पान खातो आणि थुंकण्यासाठी नक्षीचं, कल्हईचं, असं देखणं भांडं पदरी बाळगतो, ही गोष्ट त्याला शपथेवर सांगितली असती तरी त्यानं मानली नसती. त्या भांड्याला उगालदान म्हणतात, हे तुम्हाला-मला ठाऊक. त्याला ठाऊक नव्हतं. रामकिसनलाही नव्हतं.

घरी आल्यावर गोजरबाईनं पांगुळगाडा बघितला, बोंडलं बघितलं, सहाण हातात घेऊन चांगली आहे म्हणाली. मग भांड्याकडं वळली.

"ह्ये काय?"

"वाटी."

"ह्ये?"

"नवाबाच्या घरची! जेवून झाल्यावर खीर खात्यात त्यात."

गोजरबाईनं पदर खोचला आणि वरून बोट आत घातलं. मग दुसरं घातलं. मग मनगटापर्यंत हात घालायला बघितलं, तो गळ्यात अडकला. "आवं, बोट तळाला लागून न्हाई राह्यलं. खीर आत गेली तर काढायची कशी?"

"शाही भांडं हाय ते! त्याची काही तरी रीत आसंल."

"कोणती?"

"त्ये... तिथं गेल्यावर आपोआप कळंल!"

गोजरबाई गप्प बसली. ती गप्प बसली, की रायभानला वाटायचं तिला पटलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याचा हा समज टिकून होता.

ठरलेल्या दिवशी दोघं गाडीनं राजूरला पोचले. दारात कडूबाई उभ्याच होत्या, पदर डोक्यावर आणि जीभ परजून.

"या मामा! काय आणलं? या खेपेला कुणाच्या मापाचं?"

आतल्या दारात बाळाला कडेवर घेऊन उभ्या इंद्रायणीनं डोळे मिटून घेतले. रायभान हसत पुढं झाला. त्यानं फडकं सोडलं आणि ते भांडं ओसरीवरच्या पाटावर ठेवलं. ओसरी चमकली!

कडूबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. धुळाजी, डोक्यावर लाल कुंची घालून, गुडघ्यावर हात टेकत जवळ आला. "आगं आई! काय म्हणायचं ह्याला?"

"वाटी हाय तात्या. नवाबाच्या घरची. खिरीची!"

मिनिटभर कडूबाईंचं मन तराजूत हललं असेल. टोमणा मारावा, की वाटी मिरवावी? वाटी जड भरली. "मी म्हणतच व्हते," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्या इंद्रायणीचं म्हायेर दिसायला साधं, पण मन लई मोठं!"

इंद्रायणीनं एक डोळा उघडला.

मग काय विचारता! कडूबाई ती वाटी पदराखाली झाकून आळीतल्या दोन घरी दाखवून आल्या. त्या परत येईस्तोवर बाकीच्या घरांच्या बायका इकडंच आल्या होत्या. झुंबरबाईनं वाटीवरून बोटं मोडली. सोनूबाईनं तिला हळदकुंकू लावलं. कुणी तरी विचारलं, "नवाबाचं लेकरू यातच खातंय?" तर कडूबाई ठसक्यात म्हणाल्या, "दुसऱ्यात तोंडच घालत न्हाई!" त्यांना हे कुणी सांगितलं, देव जाणे. रायभान जागच्या जागी फुगत चालला होता. इंद्रायणी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, आज पहिल्यांदा ह्या घरात कुणी तुझं नाव हसल्याबिगर घेतलं." तिचे डोळे भरून आले होते. रायभानचेही आले. खरोखर, तेवढ्या एका वाक्यासाठी त्यानं जालन्याहून राजूरपर्यंत पांगुळगाडा डोक्यावर घेऊन चालणं पत्करलं असतं.

त्यात आणखी एक मान जुळून आला. तालुक्याचे गिरदावर साहेब, म्हणजे महसुलाचे अधिकारी, पिकं बघायला गावात आले होते, आणि धुळाजीनं धीर करून त्यांना घरी यायचं आवतण दिलं होतं. ते येणार म्हणून दारापुढं सडा पडला, ओसरीवर घोंगडी अंथरली.

"साहेब येतील तवा येतील," कडूबाई म्हणाल्या. "मुहूर्त चुकाया नको. मामा, बसा!"

रायभान पाटावर बसला. मांडीवर बाळ, गळ्यात त्याच्या लाळेरं. समोर दुसऱ्या पाटावर वाटी, भोवती रांगोळी. बाळाचा बाप मच्छिंद्र खांबाला टेकून कौतुकानं बघत होता. कडूबाईंनी स्वतः डावभर तांदळाची खीर आणली आणि वाटीत ओतली.

खीर गेली. म्हणजे अशी गेली, की दिसेना!

कडूबाई वाकून बघतात तर आत नुसता अंधार. त्यांनी आणखी एक डाव आणला. तोही गुडूप!

"आगं बाई! वाटी हाय का विहीर?"

"नवाबाचं पोट मोठं आसतंय," झुंबरबाई म्हणाली.

"काठाशी येऊस्तोवर घाला मावशी," रायभान घाम पुसत म्हणाला. "तीच रीत आसंल."

"मंग पातेलंच आणते!" असं म्हणून कडूबाई आत गेल्या. रायभाननं बायकांत बसलेल्या गोजरबाईकडं बघितलं. ती छताकडं बघत होती.

आणि नेमके तेवढ्यात गिरदावर साहेब आले!

अंगात शेरवानी, पायात पंपशू, आणि तोंडात भरगच्च पान. गावच्या चावडीवर कुणी तरी प्रेमानं दिलेलं. धुळाजीनं कुंची काढून मुजरा केला. साहेबांनी तोंड वर धरून, ओठ मिटून, हातानंच सलाम केला. बोलणं शक्य नव्हतं. डावा गाल लिंबाएवढा फुगला होता. त्यांना बाळाच्या अगदी शेजारी, पाटाला पाट लावून बसवलं.

साहेब मोठे सभ्य. इकडं भिंत सारवलेली, तिकडं रांगोळी, समोर बायकामाणसं. कुठं जावं माणसानं? डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्यांच्या. ते असहाय नजरेनं इकडंतिकडं बघत राहिले, आणि त्यांची नजर त्या भांड्यावर पडली.

त्यांचा चेहरा असा उजळला, जसं हरवलेलं कोकरू सापडावं! त्यांनी अदबीनं, डाव्या हातानं, भांडं उचललं. तोंडाशी धरलं.

आणि पिंक टाकली!

सोनूबाईच्या हातातली हळदकुंकवाची कोयरी खाली पडली. रायभानच्या डोक्यात चाचांचं एकेक वाक्य उलटं होऊन बसायला लागलं. खाने के बाद बगैर उठते नहीं... दात नसले तर होनाच... अरे देवा! अरे रेणुकामाते! त्याच्या मांडीखालचा पाट गरम व्हायला लागला. इंद्रायणी दारात उभी होती, पांढरीफटक. तिला भांडं अजून कळलं नव्हतं, पण भावाचा चेहरा कळला. तिनं हळूहळू मान खाली घातली.

मच्छिंद्र मात्र खांब सोडून पुढं आला. "साहेब आसले म्हणून काय झालं? माझ्या लेकराच्या खिरीत थुंकत्यात?"

"आरं, आरं!" धुळाजी मधे पडला.

साहेबांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. तोंड मोकळं झालेल्या माणसाला जे सुख होतं, त्या सुखात ते होते. रुमालानं ओठ टिपून त्यांनी भरल्या आवाजात सांगितलं, "वाह, धुळाजी, वाह! इतने साल दौरा करता हूँ. किसी गाँव में, किसी घर में, मेहमान के वास्ते किसी ने उगालदान नहीं रखा. थूकने को उठके बाहर जाना पड़ता है! आज देखा, तमीज किसे कहते हैं."

थूकने को! हे मात्र साऱ्या ओसरीला कळलं. बायकांच्या माना एकदम आतल्या दाराकडं वळल्या. तिथं कडूबाई खिरीचं पातेलं दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

रायभाननं डोळे मिटले. आता पातेलं डोक्यावर येणार, त्यानं ओळखलं. कुंची परवडली!

पण कडूबाईंच्या डोक्यात काय चाललं असेल, बघा. हेच भांडं त्यांनी पदराखाली घालून घरोघर दाखवलं होतं. ह्याच भांड्याला गावाकडून हळदकुंकू लावून घेतलं होतं. ह्याच भांड्यात, सगळ्यांदेखत, स्वतःच्या हातानं, दोन डाव खीर घातली होती! आता मामाला वेडा म्हटलं तर दुसरं वेडं कोण ठरणार?

त्यांनी पातेलं शांतपणे खाली ठेवलं.

"मंग!" त्या म्हणाल्या. "साहेब घरी यायचे, तर त्येंची सोय नको? म्हणून तर मामाला जालन्याहून मुद्दाम आणाया लावलं! मच्छिंद्रा, मागं हो."

"आन खीर?" झुंबरबाईनं विचारलं. अशा वेळी झुंबरबाईसारखी माणसं विचारतातच.

"ती सकुनाची," कडूबाई डोळ्याचं पातं न लववता म्हणाल्या. "नव्या भांड्यात रिकामं थुंकू न्हाई, गोड घालावं. तुमच्यात न्हाई का घालत?"

"घालत्यात की!" झुंबरबाई घाईघाईनं म्हणाली.

रायभाननं डोळे उघडले. आयुष्यात त्याला कडूबाई एवढ्या सुंदर कधी दिसल्या नव्हत्या. त्या त्याच्याजवळ वाकल्या आणि साहेबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, दातओठ खात म्हणाल्या, "खरी वाटी काढा आता, मामा. जल्दी!"

खरी वाटी! रायभाननं घाईघाईनं गाठोडं उपसलं. बोंडलं होतं, सहाण होती, पांगुळगाडा होता. बाळाच्या खाण्याला जालन्याच्या बाजारात जे जे मिळतं ते सगळं गाडीभरून होतं. फक्त वाटी नव्हती. त्यानं बोंडल्याला हात घातला. त्याच्या चोचीतून तांदळाची शितं कशी निघणार? सहाणेवर खीर वाढता येईल का, असाही एक विचार त्याच्या मनात चमकून गेला, खोटं कशाला सांगा.

तेवढ्यात बायकांतून गोजरबाई उठली. तिनं कनवटीची गाठ सोडली आणि फडक्यात गुंडाळलेली एक बारकी काशाची वाटी आणि एवढासा चमचा नवऱ्यासमोर ठेवला.

"कवा आणली?" रायभान पुटपुटला.

"द्वारकाबाईनं निरोप सांगितला ना, तवाच काढून ठेवलती. तुमच्या मामानं तुम्हाला न् वन्सबाईंना उष्टावलं ती हाय ही."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही इचारलं कवा?"

वाटीत खीर आली. काठाशी नाही, तळाशी नाही, जिथं दिसायला हवी तिथं आली! इंद्रायणी पुढं येऊन भावाशेजारी टेकली. तिनं ती वाटी ओळखली. बोटानं तिचा काठ एकदा चाचपला आणि भावाच्या दंडाला खांदा लावून बसली. रायभाननं बोटातली अंगठी खिरीत बुडवली, बाळाच्या ओठांना लावली, मग देवाचं नाव घेऊन चमचा भरला. बाळानं आ केला. चमचा आत गेला!

बाळानं खीर तोंडात घेतली. इकडून तिकडं फिरवली. भुवया वर चढवल्या. गाल फुगवले. थेट गिरदावर साहेबांसारखे फुगवले!

साहेब पट्टीचे पान खाणारे. ती मुद्रा त्यांनी जन्मभर आरशात बघितलेली. बाकीच्यांना काही कळायच्या आत त्यांनी उगालदान झटकन उचललं आणि बाळाच्या हनुवटीखाली धरलं.

"थूऽऽ!"

पहिला घास सगळाच्या सगळा आत! पाटावर थेंब नाही, रांगोळीवर थेंब नाही, मामाच्या नव्या धोतरावर थेंब नाही!

"माशाअल्ला!" साहेब गहिवरून म्हणाले. "छोटे मियाँ को तो पैदाइशी तमीज है!"

ओसरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. मच्छिंद्रसुद्धा हसला. धुळाजीनं आनंदाच्या भरात कुंची पुन्हा डोक्यावर चढवली. दुसरा घास बाळानं निम्मा गिळला. तिसऱ्याला त्यानं चमचाच धरून ठेवला, सोडीचना. आणि जे जे बाहेर येत होतं ते ते साहेब मोठ्या तत्परतेनं झेलत होते. चाचा खोटं बोलले नव्हते. दात नसलेल्या माणसाला ते होनाच!

निघताना इंद्रायणी गाडीपर्यंत आली. डोक्यावर घागर होती आणि मान सरळ. मागून कडूबाईंचा आवाज येत होता. त्या आळीतल्या बायकांना समजावत होत्या, "वाटी काय, कुणी बी आणतंय. पण लेकरू थुंकणार हाय, येवढं आधी कुणाच्या ध्यानात येतंय का? मामा लई इचाराचा माणूस!" ते भांडं त्यांनी मग चिंचेनं घासून, कल्हई करून घेतलं. नातू चांगला भाकरी चावायला लागेपर्यंत रोज जेवताना त्याच्या हनुवटीखाली धरलं जायचं. साहेबांचा दौरा असला म्हणजे तेवढ्यापुरतं ते ओसरीवर.

"बघितलं?" परतीच्या वाटेवर रायभान गोजरबाईला म्हणाला. "शेवटी माझीच निवड बराबर ठरली!"

गोजरबाई गप्प बसली. रायभानला वाटलं, तिला पटलं.

पुढं वर्षभरानं गोजरबाईला मुलगी झाली. तिचं उष्टावण जवळ आलं तसा गोजरबाईचा भाऊ पुंजाराम मंठ्याहून निरोप धाडू लागला, "दाजी, काही काळजी करू नका! मामा हाये मी. असं काही आणतो, का सारं पिंपळगाव बघत राहील!"

ते ऐकून रायभान ताडकन उठला. द्वारकाबाई कुठल्या गावाला गेली आहे ते विचारत विचारत तिला गाठलं, आणि हात जोडून म्हणाला, "मंठ्याला जाशील तवा आमच्या मेव्हण्याला येवढंच सांग. एक वाटी न एक चमचा. बस. आन घ्यायच्या आधी वाटीत बोट घालून बघ म्हणावं. तळाला लागलं पाहिजे!"